तिकोनी खिडक्यांच्या विमानापुढचा शेरा

अण्णा,

सोमवार, ३ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, टेक्ससमधल्या प्लेनोच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत, अकरा माणसांसमोर तुमचा अपमान झाला. बारावी मी होते. भिंतीवरच्या घड्याळात वेळ पाहून मी ती लगेच वहीच्या समासात लिहून ठेवली, कारण तक्रार करायची तर वेळेसकट करावी, हे शाळेतल्या सिस्टरांनी मला शिकवलं आणि तुम्ही रोज करून दाखवलंत. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्रं लिहून उशीखाली ठेवणाऱ्या बायकांतली मी नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण हे प्रकरण कागदावरचं आहे, तेव्हा ते कागदावरच निस्तरायला हवं.

आधी ती अकरा माणसं कोण ते सांगते. जुन्या विमानांचं वेड असलेले निवृत्त लोक दर सोमवारी दहाला इथे जमतात. कोणी वैमानिक होता, कोणी रडारसमोर बसायचा, एक जण तर आयुष्यभर नुसता विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभा राहून फोटो काढत आला. मी डॅलसमध्ये विमानदुरुस्तीच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं कागद तपासले. कुठला भाग कधी काढला, कुठला बसवला, का, आणि सही कोणाची. एक वाक्य जरी ढिलं असलं तरी मी अख्खी फाइल परत पाठवायची, म्हणून खाली हँगरमध्ये मला काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही. निवृत्त झाल्यावर लेक म्हणाली, "आई, तू घरात बसून मला डिशवॉशर कसा लोड करायचा यावर लेक्चर देतेस, त्यापेक्षा त्या ग्रुपला जॉइन हो ना. दे विल लव्ह यू." प्रेमबिम कोणी केलं नाही. पण मी नेलेला चिवडा साडेदहाच्या आत संपतो, आणि माझी खुर्ची माझ्यासाठी रिकामी ठेवतात. एवढं मला पुरतं.

त्या सोमवारी बोलायची पाळी एका उंच, थोड्या वाकलेल्या म्हाताऱ्याची होती. हा मूळचा मिनेसोटाचा, नातवंडांसाठी इकडे आलेला. आजी-आजोबा डेन्मार्कहून आलेले, आणि तिकडेच राहिलेली मावशी एका सुट्ट्यांच्या विमान कंपनीत हवाईसुंदरी होती. तिच्यापायी ह्याने नऊ वर्षं खपून त्या कंपनीचा इतिहास आणि तिच्या एकूण एक विमानांची यादी तयार केली आहे. त्या देशांत हिवाळ्यात दुपारी तीनला अंधार पडतो. लोक वर्षभर पैसे साठवून उन्हासाठी दक्षिणेला जातात. आधी ते बसने जायचे, मग ह्या कंपनीने दुसऱ्यांनी टाकून दिलेली पंख्यांची विमानं घेतली, त्यांना पिवळ्या शेपट्या रंगवल्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना स्पेनच्या किनाऱ्यावर नेऊन सोडायला सुरुवात केली. दिवस बरे आले तशी जेट विमानं आली, आणि मजल थेट सिलोनपर्यंत गेली. बोलता बोलता ह्याचा आवाज मऊ होत होता. मी चष्मा काढून ऐकत होते, आणि अण्णा, मला छान वाटत होतं. मग पडद्यावर तिकोनी खिडक्यांचं विमान आलं.

तुम्हाला सांगायला नकोच. दोन इंजिनं शेपटीशी, नाक खाली झुकलेलं आणि खिडक्या गोल नाहीत, चौकोनी नाहीत, कोपरे घासलेल्या त्रिकोणासारख्या. मुंबईत तुम्ही ज्या विमान कंपनीत मेकॅनिक होतात, तिच्याकडेही तीच विमानं होती. घरच्यांना हँगर दाखवायचा एक दिवस असायचा, तेव्हा तुम्ही मला त्याच्या पोटाखाली उभं केलं होतं आणि गोठ्यात गाईच्या पाठीवर ठेवावा तसा हात वर पत्र्यावर ठेवला होता. त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. पाइपांवरून तुम्ही स्वच्छ पांढरं फडकं फिरवायचात आणि फडक्याकडे बघायचात, पाइपाकडे नाही. सगळं झालं की हात पाठीमागे बांधून विमानाभोवती एक शेवटची फेरी मारायचात, कशालाही न शिवता. मी विचारलं, हात का बांधलेत? तुम्ही म्हणालात, "हाताला काम दिसलं की डोळे झोपतात." पुढे सत्तावीस वर्षं मी प्रत्येक फाइल शेवटी एकदा पेन खाली ठेवून वाचली. माझ्या साहेबाला वाटायचं, बाई प्रार्थना करतात.

तर पडद्यावर यादी. एकेका ओळीत एकेक विमान: शेपटीवरची अक्षरं, कुठे बांधलं, कोणाकडून घेतलं, कोणाला विकलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. सहाव्या ओळीतली अक्षरं मी ओळखली. ती तुम्ही माझ्यासमोर खिशातल्या डायरीत लिहिली होतीत, आणि त्या डायऱ्या, मी कधी न उघडलेल्या, माझ्या कपाटात साड्यांच्या वरच्या कप्प्यात आहेत. शेरा असा होता: बॉम्बे येथे स्थानिक मेकॅनिकच्या हातून हायड्रॉलिक पाइपचे नुकसान, विमान चार दिवस जमिनीवर, मेकॅनिकने लेखी माफी मागितली.

मी उभी राहिले. "हा शेरा खोटा आहे," मी म्हटलं.

"मॅम, तुम्हाला हे विमान माहीत आहे?" त्याने विचारलं, अगदी नम्रपणे. त्यामुळे मला जास्त राग आला.

"तो मेकॅनिक माहीत आहे. माझे वडील."

खोलीत कोणी चिवडा चावेना. तो म्हणाला की मला वाईट वाटतं, पण माफीचा कागद आहे, त्यांच्या सहीचा. मी म्हटलं, पुढच्या सोमवारी दहा वाजून वीस मिनिटांच्या आत तो कागद ह्या टेबलावर पाहिजे. घरी येऊन लेकीला सांगितलं. ती मीटिंगमध्ये होती, म्यूट करून म्हणाली, "आई, ही इज लाइक एटी. आणि ती एक पीडीएफ आहे. कोण वाचतं?" मी म्हटलं, मी वाचते. मला पगार त्याचाच मिळत होता.

तो आठवडा मी तुमच्याबरोबर काढला. आपलं कलिन्याचं क्वार्टर, स्वयंपाकघरातला एकच मोठा दिवा, त्याखाली माझा अभ्यास आणि आईचं तांदूळ निवडणं. मी नववीत आहे. तुम्ही दिवेलागणीला येता, मोरीत रॉकेलने हात धुता, मग साबणाने, मग परत साबणाने, आणि तरी भाताला थोडा वास येतोच. त्या दिवशी तुम्ही पाटावर बसता आणि जेवायला सुरुवात करत नाही. उत्तरेकडचं एक सुट्टीचं विमान सिलोनला जाता जाता तेल भरायला उतरलंय. तसलं विमान तुम्हाला येतं म्हणून तुम्हाला बोलावलं. डावं चाक ज्या पोकळीत मिटतं तिथे तुमचं फडकं ओलं झालं. पाइप चुकीच्या जागी आवळलेला, पत्र्याला घासून घासून अर्धा झिजलेला. त्यांच्याबरोबर आलेला त्यांचाच मेकॅनिक म्हणाला, पट्टी गुंडाळू, सिलोनला जाऊन बघू. तुम्ही सही दिली नाही. तो ओरडला, तुमचा सुपरवायझर ओरडला. तुम्ही सही दिली नाही.

चार दिवस ते विमान पाइपाची वाट पाहत उभं राहिलं. आत बसून आलेली सगळी गुलाबी म्हातारी माणसं जुहूच्या हॉटेलात ठेवली होती, आणि तुम्ही सांगायचात की ती खुशीत आहेत, त्यांना कुठला समुद्र ते कळतच नाही, ऊन आहे म्हटल्यावर झालं. एका सकाळी ती रांगेने वाळूत भाजत पडली होती आणि नारळवाला त्यांच्या डोक्यावर सावली धरून उभा होता. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पाइप आला, तुम्ही बसवला, हात बांधून फेरी मारलीत, सही केलीत. निघताना त्यांच्या कप्तानाने तुम्हाला एक चपटी डबी दिली. आत काळ्या गोळ्या. मी एक तोंडात टाकली आणि थुंकले, मीठ आणि कोळसा एकत्र केल्यासारखी चव. आई म्हणाली, "औषध असेल. पाचक दिसतंय." आणि पुढचं वर्षभर जड जेवण झालं की आपल्या घरी स्कँडिनेव्हियाची गोळी मिळायची. मागच्या उन्हाळ्यात लेकीला इथल्या एका दुकानात त्या सापडल्या. कळलं की तिकडे लहान मुलं त्या आवडीने खातात. त्या लोकांबद्दलचं माझं मत तिथेच बदललं.

मग त्यांच्या ऑफिसातून निरोप आला की मेकॅनिकने काय झालं ते लिहून द्यावं. तुमचं इंग्रजी मॅन्युअलमधलं. काढा, तपासा, बदला. तुम्ही स्वयंपाकघरात मला म्हणालात, "मी सांगतो तसं लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." तुम्ही मराठीत सांगत होतात आणि मी इंग्रजीत लिहीत होते, गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद, आधी कच्चं मग पक्कं. एअरमेलचा पातळ असा एकच कागद होता. मी दुसरा मागितला तर आई म्हणाली, "मागची बाजू कोरी आहे ना?" एवढं मला स्पष्ट आठवत होतं. त्या पत्रात माफी नव्हती, कारण तुम्ही माफी सांगितलीच नव्हती. म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने तुमच्या नावाने खोटा कागद केला, तुमची सही गिरवली. आठवडाभर मी त्या हरामखोराला काय काय बोलायचं ते ठरवत होते. माझ्याकडे दीड पान तयार होतं.

सोमवार, १० मार्च. दहा वाजून पंधरा मिनिटांनीच त्याने कागद टेबलावर ठेवला. डेन्मार्कमध्ये त्याच्या मावशीची एक मैत्रीण आहे, तिच्याकडे कंपनीच्या जुन्या फायली खोक्यांत आहेत, तिथून आलेला फोटो. मी चष्मा लावला. सही तुमची होती, तुम्ही प्रत्येक पानावर करायचात तशी समासात आडवी, शेवटचं अक्षर नेहमीसारखं वर उडालेलं. आणि बाकी अक्षर माझं होतं.

पहिलं वाक्य वाचायला मला खूप वेळ लागला. मराठीत त्याचा अर्थ असा: आपल्या विमानाचे झालेले नुकसान आणि आपल्या प्रवाशांना झालेला त्रास, यातील माझ्या दोषाबद्दल मी नम्रपणे क्षमा मागतो. हे तुम्ही सांगितलं नव्हतं. हे मी घातलं होतं. सिस्टर म्हणायच्या, सभ्य मुलगी परक्या माणसाला लिहिताना आधी क्षमा मागते, मग मुद्द्यावर येते. चूक असो नसो. त्या वर्षी मी शाळेला पत्र लिहिलं तरी क्षमा मागून, वाचनालयाला लिहिलं तरी क्षमा मागून. दहापैकी नऊ मिळायचे. माझ्या जिभेला त्यांची शिकवण कधी लागली नाही, पण लेखणीला लागली होती. खाली अर्धं पान मी त्यांच्या कप्तानाचे, कंपनीचे आणि पाहुणचाराची संधी मिळाल्याचे आभार मानले होते. पाइपाबद्दल एक अक्षर नाही. सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात मात्र, सिस्टरांच्याच नियमाप्रमाणे, बारीक अक्षरात लिहिलं होतं: कृपया पान उलटा.

अण्णा, पन्नासहून जास्त वर्षांत एकाही माणसाने पान उलटलं नव्हतं.

मी त्याच्याकडे बघितलं. एरवी मी त्याला सोडला नसता. एवढंच म्हटलं, "मागची बाजू मागवा." त्याने कोपरा वाचला आणि तो कानापर्यंत लाल झाला. खरा माणूस. तिथेच बसून त्याने त्या बाईंना मेल लिहिली.

घरी आल्यावर मी डायऱ्या उतरवल्या. ते वर्ष सापडायला वेळ लागला नाही. तुमची पेन्सिल फिकी झाली आहे पण वाचता येते. शेपटीची अक्षरं. मग: डावी बाजू. पाइप आधीच घासलेला. सही दिली नाही. चार दिवसांनी: पाइप बदलला. सही दिली. आणि त्याखाली दोन ओळी सोडून: पत्र मुलीने लिहिले. अक्षर सुरेख.

त्यानंतर महिनाभराने नोंदींत विमानं नाहीत, नुसती चाकं आहेत. माफीचं ते पान तुमच्या साहेबांपर्यंत पोचलं असणार: परदेशी विमानं आली की तुम्हाला बोलवायचे ते बंद झालं, तुम्हाला चाकांच्या शॉपमध्ये पाठवलं, आणि तुम्ही निवृत्तीपर्यंत तिथेच टायर बदलत राहिलात. आईने कारण विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिथे सावली आहे." मी ते खरं धरलं. तुम्ही रोज पाचाला घरी यायला लागलात. मला भूमिती शिकवलीत, सायकल शिकवलीत, तुम्ही आणलेली जुनी बेअरिंगं मी पोरांना भोवरे म्हणून वाटली. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या संध्याकाळी त्या आहेत. त्या मला कशामुळे मिळाल्या ते मला ह्या वयात, टेक्ससमध्ये, साड्यांच्या कपाटासमोर स्टुलावर बसून कळलं. मला रडू आलं नाही. मला तुमचा राग आला, आणि मग चहा केला.

राग अशासाठी की पत्रावर सही करण्यापूर्वी तुम्ही ते वाचलं होतंत. मला दिसतंय. तुम्ही दिव्याखाली कागद धरता, बोट एकेका शब्दाखालून सरकतं. पहिल्याच ओळीवर ते थांबतं. तुम्ही माझ्याकडे बघता. मी फुशारकीने बसले आहे, बोटांना शाई. तुम्ही परत कागदाकडे बघता आणि खिशातलं पेन काढता. मला तेव्हा वाटलं की माझ्या इंग्रजीने तुम्ही दिपलात. सुपरवायझर ओरडला तरी ज्या माणसाने विमानाला सही दिली नाही, त्याने माझ्या पत्राला दिली.

आणखी एक गोष्ट मी त्या पत्राशी कधी जोडली नव्हती. तुम्ही मला आयुष्यात एकदाच टोचून बोललात. चाकांच्या शॉपमध्ये गेल्यानंतर काही दिवसांनी, त्याच स्वयंपाकघरात. मी समुद्रकिनाऱ्याच्या सहलीवर निबंध लिहीत होते, जी सहल कधी झालीच नव्हती. तुम्ही खांद्यावरून वाचलंत आणि म्हणालात, "झालं तेवढं लिही. झालं नाही ते सुरेख लिहू नये." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पुढे त्याच एका वाक्यावर मी सत्तावीस वर्षं नोकरी केली, आणि ते निबंधाबद्दलचं आहे असंच धरून चालले.

आता बातमी. १७ तारखेला मागच्या बाजूचा फोटो आला. सगळं आहे त्यात. पाइप, चुकीची जागा, ओलं फडकं, सही का दिली नाही. तेही सुरेख अक्षरात, पण झालं तेवढंच. त्याने ते अकरा जणांसमोर उभं राहून वाचलं आणि शेरा सगळ्यांदेखत बदलला. आता तिथे असं आहे: बॉम्बे येथे मेकॅनिकने झिजलेला हायड्रॉलिक पाइप शोधला, उड्डाणास नकार दिला, चार दिवसांनी दुरुस्ती. रडारवाला म्हणाला, त्या विमानातली बरीच माणसं त्यामुळे घरी पोचली असतील. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते मला आवडलं. ते विमान नंतर दक्षिण अमेरिकेत विकलं गेलं आणि शेवटी एका विमानतळावर आग विझवायच्या सरावात जळून संपलं. पण त्याची ओळ आहे, आणि ओळीत तुम्ही आहात, नाव न घेता, जसं तुम्हाला आवडलं असतं. त्याने मला सगळी यादी तपासायला दिली आहे. मी आत्तापर्यंत बऱ्याच शेऱ्यांपुढे प्रश्नचिन्हं टाकली आहेत आणि तो प्रत्येकाला मुकाट उत्तर देतो. सकाळी उठायला कारण आहे. लेक म्हणते, "आई, यू आर ग्लोइंग, यार." मी तिला म्हटलं, आईला यार म्हणू नये.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. ते त्या वर्षाच्या डायरीत जाईल, त्या दोन ओळींच्या पानात. फक्त एक राहिलं. मागची बाजू वाचून झाल्यावर तो कागद परत परत बघत होता. म्हणाला, "मॅम, तुमच्या वडिलांचं अक्षर काय सुंदर होतं. मेकॅनिकचं असं अक्षर मी कधी पाहिलं नाही." मी थँक यू म्हटलं. अजून खरं सांगितलेलं नाही. सांगितलं तर माफी कोणाची हेही सांगावं लागेल, आणि यादीच्या शेऱ्यांत मुलींसाठी रकाना नाही.

सांगायचं की नाही ते तुमच्यावर सोडते. पण आधी मला कळलं पाहिजे: सही करताना बोट पहिल्या ओळीवर थांबलं, तेव्हा तिचा अर्थ तुम्हाला कळला होता की नाही? हो किंवा नाही, दोनपैकी एक, कारण देण्याची गरज नाही. उत्तर लेखी हवं, पेन्सिलीने चालेल, सोमवार, ३१ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांच्या आत.